ज्या दुधाला घर नव्हतं

१९ जानेवारी १९३२
टरबिटसाहेबांना आज इस्पितळात नेलं. गोचिडीच्या औषधाच्या टाक्यात गुरं बुडवताना एक वळू उसळला, साहेबांचा घोडा बिथरला आणि साहेब खुब्यावर पडले. गाडीत आडवे पडूनच त्यांनी अकरा किल्ल्यांचा जुडगा माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "फिंदिले, एप्रिलमध्ये वरच्या पंचायतीचा माणूस येईल. त्याला तीस विद्यार्थी दाखव. एकोणतीस भरले तर ते या शेतकी कॉलेजला कुलूप घालतील. त्यांना निमित्तच हवं आहे."

मी विचारलं, मीच का? तर म्हणाले, दुसरं कोण आहे?

खरंच नाही कुणी. दोन्ही शिक्षकांना गेल्या वर्षी घरी पाठवलं. जगातला पैसाच आटलाय म्हणतात. आधी अमेरिकेत आटला आणि तिथून आटत आटत आमच्या त्रान्सकेईपर्यंत आला. उरलो दोघे. म्हातारे म्बाम्बानी अठरा वर्षं इथली गुरं सांभाळतात. दुसरा मी, आठ महिन्यांपूर्वी चिकटलेला कारकून आणि दुभाषी. त्याआधी गोदीत होतो, त्याआधी जोहान्सबर्गच्या धोबीखान्यात, त्याआधी हिऱ्यांच्या खड्ड्यांत. शिक्षण पाचवी, तीही दोनदा.

आज विद्यार्थी अडतीस. ही वही दुधाच्या नोंदीची आहे, पण अर्ध्याहून जास्त कोरी आहे, म्हणून तिच्यातच लिहितो. साहेब म्हणायचे, शेतकऱ्याने रोज लिहावं. माझ्याच्याने रोज होणार नाही.

२६ जानेवारी
साहेबांच्या टिपणांवरून पिकांची फेरपालट शिकवली. मक्यानंतर घेवडा का, हे सांगता सांगता घेवड्याची पोती आठवली, पोत्यांवरून गोदी, गोदीवरून तो नॉर्वेचा खलाशी, जो दातांनी लोखंडी खिळा वाकवायचा. तास संपला तेव्हा घेवडा राहूनच गेला होता. मुलं खूश होती. मुलं कसली, माझ्याच वयाचे बाप्ये, काही तर माझ्याहून थोराड.

पंचायतीने शेंगा आणि मांस पाठवणं बंद केलंय. सकाळी कांडलेल्या मक्याच्या कण्या, संध्याकाळी त्याच. आज दोघे गाठोडं बांधून माझ्यापुढे उभे राहिले. अगदी आदबीने म्हणाले, "मास्तर, घरी मकाच खायचा आणि इथेही मकाच खायचा, तर घरचा बरा. तिथे आई वाढते."  छत्तीस.

दुपारी दोर मागायला म्बाम्बानींच्या घरी गेलो. घर गुरांच्या आवाराच्या खालच्या अंगाला, ओढ्यापलीकडे. म्हातारे नव्हते. त्यांची मुलगी नोलुसाफो बिअर गाळायचं गवताचं गाळणं विणत बसली होती. तोंड खाली घालूनच म्हणाली, ताता वर गेलेत. मी म्हटलं, थांबतो. ती काडी कुठून आत घेते आणि कुठून बाहेर काढते हे पाहण्यासारखं आहे. तीन काड्या वर, एक खाली, आणि पाणी सुटतं पण दाणा सुटत नाही. दोर मिळाला नाही. उद्या परत जावं लागेल.

२ फेब्रुवारी
लोण्याच्या कारखान्याची लॉरी आली नाही. चिठ्ठी आली. साय नको, पुढे कळवू. बाजारात लोणी कुणी घेत नाही.

सव्वीस गायी दुभत्या आहेत, पाऊस चांगला झालाय, गवत गुडघ्याएवढं. दूध थांबवता येत नाही. म्बाम्बानींनी ते डुकरांना घालायला सुरुवात केली. आज डुकरं मोजायला गेलो तर ती उठायलाही तयार नव्हती, इतकी सुटलीत. तिथून थेट जेवणघरात गेलो तर तिथे उरलेले चौतीस जण कण्या चिवडत बसलेले. डुकरं आणि विद्यार्थी यांची अदलाबदल झाल्यासारखं वाटलं.

दोर अजून मिळालेला नाही. आज नोलुसाफोने विचारलं, कॉलेजात काय सगळंच मोकळं सुटलंय, की इतका दोर लागतो? विचारलं जमिनीकडे बघूनच.

४ फेब्रुवारी
आज फजिती झाली.

दूध तुंब्यांत विरजून, घट्ट करून जेवणघरात मांडलं. सोबत मक्याच्या भाकरीचा चुरा. यापेक्षा चांगलं जेवण आमच्याकडे राजालाही मिळत नाही. कुणी हात लावला नाही.

मला अंदाज होता, नव्हता असं नाही. विरजलेलं दूध माणूस आपल्या कुळाच्या घरीच खातो. ज्या घरचं दूध खाल्लं त्या घरचं लेकरू झालं, त्या घरच्या मुली बहिणी झाल्या, तिथे सोयरीक संपली. म्हणून तर तरणा पोरगा परक्या घरी दुधाचा तुंबा पुढे आला की पोट भरलंय म्हणतो. पण मी जोहान्सबर्गला तीन वर्षं दुकानातलं दूध प्यायलोय. बाटलीला कुळ नसतं. तसंच समजावलं. म्हटलं, या गायी पंचायतीच्या, म्हणजे कुणाच्याच नाहीत. या दुधाला कुळच नाही, मग अडचण कसली?

थेम्बेकिले उभा राहिला. समुद्राकडचा, भेले कुळाचा, कमी बोलणारा. म्हणाला, "मास्तर, ज्या पोराला आईबाप नाहीत त्याला आपण जेवू घालतो. त्याच्याकडून जेवण मागत नाही."

सगळे हसले. मीही हसलो, नंतर राग आला. दूध परत डुकरांना गेलं. संध्याकाळपर्यंत आणखी तिघांनी बिछाने गुंडाळले. एकतीस.

९ फेब्रुवारी
साहेबांचं पत्र आलं. वरच्या शेताला शेणखत वेळेवर पडतंय ना, आणि पिकांच्या फेरपालटीचा तक्ता भिंतीवर लावला का. जेवणाबद्दल एक अक्षर नाही. इस्पितळात बहुधा बरं मिळत असावं.

एक जण गेला. बरोबर तीस. आता एकही जाऊन चालणार नाही.

म्बाम्बानींना गाठलं. त्यांना सगळे त्यांच्या कुळावरून 'ज्वारा' म्हणतात. मी ताता म्हणतो, वडीलधारे म्हणून. त्यांना विचारलं, हे दूध या लोकांच्या पोटात कसं घालायचं? म्हातारे बराच वेळ एका गाईच्या पाठीवरच्या गोचिडी काढत राहिले. मग म्हणाले, तू चूक सांगितलंस. दुधाला कुळ नाही म्हणालास, तिथेच ते घाबरले. दुधाला घर लागतं.

मग हळूहळू बाहेर आलं. अठरा वर्षांपूर्वी कॉलेज निघालं तेव्हा पहिल्या चार गायी त्यांच्याच आवारातून घेतल्या होत्या. साहेबांचे वळू नंतर आले, पण आजच्या सगळ्या गायी त्या चौघींच्या पोटच्या. त्यांनी आपल्या पूर्वजांना सांगून हे दूध ज्वारांचं म्हटलं, तर ते ज्वारांचं होईल. त्याला घर मिळेल. मग जो खाईल तो ज्वारांच्या घरचा मुलगा. त्यात फसवाफसवी नाही. खाल्लं की खरंच मुलगा.

मी म्हटलं, एकदम तीस मुलगे! म्हातारे हसले नाहीत. त्यांना एकही नाही, फक्त नोलुसाफो. ते म्हणाले, थोरल्या भावाला विचारतो, तीन दिवस दे.

मला ही युक्ती फार आवडली. एवढी साधी गोष्ट साहेबांच्या एकाही टिपणात नाही.

१३ फेब्रुवारी
भाऊ हो म्हणाला. उद्या करायचं.

ज्वारांची एक अट आहे. आधी कुणीतरी एकाने आपण होऊन, सगळ्यांसमोर खायचं, म्हणजे मागचे येतील. मी म्हटलं, मीच खातो. माझं कुळ इथून दूर, माझं घरदार म्हणजे हे गाठोडं, माझं काय अडतंय?

त्यांनी मला खाली बसवलं. म्हणाले, "पोरा, दूध खाली उतरतं, वर येत नाही. तुझं माझ्या घरात अजून काही काम राहिलंय का?"

मी म्हटलं, "दोर तेवढा न्यायचा राहिलाय, ताता."

 त्यांनी परत विचारलं, फक्त दोर? मी म्हटलं, हो, आणि जमलं तर दोन खुंट्या. नोलुसाफो दाराशी भोपळे निवडत होती. तिने भोपळे तसेच टाकले आणि आत गेली. म्हाताऱ्यांनी उठून दोर आणून दिला. तो इतके दिवस आढ्यालाच टांगलेला होता, मला कसा दिसला नाही कोण जाणे.

१४ फेब्रुवारी
झालं.

गुरांच्या आवारात सगळे पुरुष अर्धगोल बसले. ज्वारांनी चारही गायींची नावं घेतली, मग त्यांच्या आयांची, मग आपल्या बापाचं, आजाचं, पणजाचं. नावं संपतच नव्हती. मला मध्येच आमच्या मिशनशाळेतली हजेरी आठवली आणि हसू येऊ लागलं, ते दाबलं. मग ते म्हणाले, हे दूध आमचं आहे, याला घर आहे, ज्याला यायचं त्याने यावं. तुंबा माझ्यापुढे आला. मी खाल्लं. आंबट, घट्ट, थंड. कितीतरी वर्षांनी घरचं खाल्ल्यासारखं वाटलं. दुकानातल्या बाटलीला ही चव नव्हती.

माझ्यामागून एकेक जण आला. कुणी आधी आपल्या कुळाचं नाव घेतलं, कुणी डोळे मिटले. शेवटी तर ढकलाढकली झाली, भूक फार दिवसांची होती. एकोणतीस जणांनी खाल्लं. बायका कुंपणाबाहेर ओढ्याकडे उभ्या राहून बघत होत्या.

खाल्लं नाही ते थेम्बेकिलेने. तुंबा पुढे आला तेव्हा त्याने दोन्ही हातांनी तो पुढच्याकडे सरकवला आणि म्हणाला, पोट भरलंय. त्याचं पोट पाठीला लागलेलं सगळ्यांना दिसत होतं. मी तिथेच रागावलो असतो, पण ज्वारांनी मान हलवली, असू दे म्हणून.

२१ फेब्रुवारी
कॉलेज बदललं. लोक गाताहेत. आठवड्यात कुणी गाठोडं बांधलं नाही. वरच्या शेताची खुरपणी एका दिवसात झाली. आपापसात 'ज्वारा, खुरपं दे', 'ज्वारा, सरक' असं चाललेलं असतं. सगळेच ज्वारा, त्यामुळे हाक मारली की दहा जण वळतात.

आज ओढ्यावर नोलुसाफो भेटली. पूर्वी खाली मान घालून अर्धं वाक्य बोलायची. आज सरळ माझ्या डोळ्यांत बघून म्हणाली, "भाऊ, नुसता उभा काय राहिलास, ही घागर उचलून दे." घरापर्यंत सगळा वेळ तीच बोलत होती. ताताचा गुडघा, शेजारणीची शेळी, माझा फाटका कोट. बरं वाटलं. मोकळं वाटलं. असंच असायला हवं.

खोलीवर परत आल्यावर दोन तास काहीच सुचलं नाही. खुराड्याचं दार दुरुस्त करायला घेतलं, ते अर्धं टाकून कुणाचा तरी कॉन्सर्टिना वाजवत बसलो, तोही टाकला.  

६ मार्च
थेम्बेकिलेला बोलावलं. म्हटलं, सगळे खातात, तुलाच काय झालंय? तू मला लोकांपुढे खोटा पाडतोस. तो शांतपणे म्हणाला, तुम्ही खोटे नाही मास्तर, मला घाई नाही एवढंच. कसली घाई, असं मी विचारलं तर त्याने ते टाळलं. शेवटी म्हणाला, हाकललंत तर जाईन, पण खाणार नाही.

हाकलायचा कागद लिहिलासुद्धा. मग आठवलं, तो गेला की एकोणतीस. फाडला.

तसा तो फार वाळलेला नाही. संध्याकाळी त्याच्या कण्यांवर भाजलेल्या भोपळ्याच्या दोन मोठ्या फोडी होत्या. आमच्या बागेत यंदा भोपळा नाही. कुठून आणतो कोण जाणे. असल्या चौकशा करायला मला वेळ नाही, औषधाचं टाकं परत गळतंय.

२७ मार्च
समुद्राकडून दोन म्हातारे आले. काल दिवसभर ज्वारांच्या आवाराबाहेर, उन्हात, कुणी बोलावत नाही तोवर बसून राहिले, रीत आहे तशी. आज सकाळी ज्वारांनी मला निरोप पाठवला. म्हटलं, गाय व्यायला आली असेल. गेलो तर म्हणाले, घरच्या मुलाने जाऊन विचारायचं असतं, तू विचार.

मी बाहेर गेलो. विचारलं, काय हरवलंय तुमचं? त्यातला थोरला म्हणाला, आम्ही भेले आहोत. आमच्या मुलाने तुमच्या घरी एक दिवा पाहिला, तो मागायला आलोत. मुलगा तुमच्याच कॉलेजात शिकतो.

नाव सांगायची गरज नव्हती. पोट भरलंय म्हणणारा तो.

मी परत आत गेलो नाही. टाक्यापाशी जाऊन बसलो. गळती सापडली, बोटाने चिखल लावला, परत निघाला, परत लावला. मग मला माझं सगळं दिसलं. तो दोर, त्या खुंट्या. आढ्याला टांगलेला दोर न दिसणारा माणूस. इथे लिहायलाही लाज वाटते, पण वही माझी आहे. तीन आठवडे मी त्या घरी जात होतो आणि मला वाटत होतं मी दोरासाठी जातोय. म्हाताऱ्याने दोनदा विचारलं. दोनदा.

दुपारी नोलुसाफोला ओढ्यावर गाठलं. घरचा मुलगा म्हणून विचारायचा मला हक्कच होता. विचारलं, तुला हवाय का तो?

ती म्हणाली, "त्या दिवशी मी कुंपणापाशी उभी होते. दोघांकडे बघत होते. एकाने खाल्लं, एकाने नाही खाल्लं. मला कळायचं ते कळलं."

मी म्हटलं, मी कॉलेजसाठी खाल्लं.

"माहीत आहे," ती म्हणाली. "म्हणून तर तुझ्यावर राग नाही. पण आता मला तोच हवाय, भाऊ."

आता अडचण माझ्यापुढे. घरच्या मुलाने नाक मुरडलं, कुळात खोट काढली, तर म्हातारे भेले उद्याच निघतील आणि थेम्बेकिले त्यांच्याबरोबर. नाही म्हणणं माझ्या हातात आहे. मग ती आणि मी? काही नाही, ते दार मी स्वतः बंद केलंय. आणि कॉलेज एकोणतीसवर. हो म्हटलं तर कॉलेज राहील. म्हणजे मी हो म्हणेन ते कॉलेजसाठी की तिच्यासाठी, हे मला कधीच धड सांगता येणार नाही. तिसराही एक विचार मनात आला, तो फार हलका होता. लिहीत नाही.

संध्याकाळी ज्वारांना सांगितलं, घर चांगलं आहे, मुलगा धीराचा आहे, द्यावी. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.  

१२ एप्रिल
पंचायतीचा माणूस आला. गोरा, तरुण, घामाघूम, सारखं घड्याळ बघणारा. पोरांना ओळीत उभं करून पेन्सिलीच्या टोकाने मोजलं. परत मोजलं. तीस.

जेवणघरात आला. तुंबे बघून चकित झाला. म्हणाला, दुसरीकडे आम्ही किती डोकं फोडलं, ही माणसं परक्यांत दूध खात नाहीत. इथे कशी तयार झाली? मी म्हटलं, परकं राहिलं नाही. त्याला ते कळलं नसावं, पण त्याने लिहून घेतलं. मग कोपऱ्यात कोरड्या कण्या खाणाऱ्या थेम्बेकिलेकडे त्याचं लक्ष गेलं.

"तो का खात नाही?"

मी म्हटलं, "त्याला स्वतःचं मन माहीत होतं, साहेब."

त्याने वहीत 'हट्टी' असं लिहिलं. मी दुरुस्त केलं नाही. जाताना म्हणाला, यंदा कुलूप नाही. पुढच्या वर्षीचं पुढच्या वर्षी.

पोरं नाचली. मी औषधाच्या टाक्याला नवा सिमेंटचा थर दिला. तो टिकला.

३ जून
टरबिटसाहेब दोन काठ्या घेऊन परत आले. किल्ल्या परत केल्या. त्यांनी तीसचा आकडा पाहिला, तुंबे पाहिले, आणि माझा हात हातात धरून उभे राहिले. मग विचारलं, फेरपालटीचा तक्ता कुठे आहे? तो लावायचाच राहिला होता.

खरं तर मी मनात ठरवलं होतं, किल्ल्या दिल्या की निघायचं. दरबनला म्हणे साखरेच्या गोदामात माणसं घेताहेत. पण भेल्यांनी नवरीसाठी द्यायच्या देजाची पहिली गुरं आणून बांधली, नोलुसाफोला उद्या पोहोचवायचं आहे, आणि वऱ्हाडापुढे घरचा मुलगा चालतो. एकोणतीस जणांनी आपापली नावं पुढे केली. ज्वारांनी माझंच घेतलं.

समुद्राकडे चालत दोन दिवस. वाट मला माहीत आहे, एकदा तिकडून भटकत आलोय. नदी कुठे ओलांडायची, कुठल्या घरी बिअर चांगली, सगळं. नोलुसाफोचं गाठोडं बांधून झालंय. दुपारी तिने माझा कोट ओढून नेला आणि बाही शिवून परत दिली. बहीण असला भाऊ मिरवत नेणार नाही म्हणाली.

संध्याकाळी ज्वारांबरोबर गायी आत घेतल्या. जूनचा हिवाळा लागलाय, दूध उतरलंय, पण आठ गायी अजून देतात. ते कुंपणाचा अडसर लावत होते. पाठमोरेच म्हणाले, "पुढच्या सोमवारी दूध काढायला माणूस लागेल. माझा गुडघा धड नाही."

आजवर मी जिथून जिथून निघालो तिथे मागे कुणी परत यायचा वार सांगितला नव्हता. मी अडसराचं दुसरं टोक धरलं.

म्हटलं, "येतो, ताता."